कुणाच्याच बाजूची नसलेली वकील

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही हो. सरकारी ऑफिसात वर्षभर बसा, आपोआप साचतात. आमच्या घरी दारामागे कॉन्फरन्सांमधून फुकट मिळालेल्या कापडी पिशव्यांचा ढीग झालाय ना, तसेच. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! मग ममी ओरडते, "नीलू, एक तर वापर, नाहीतर टाकून दे!" टाकवत नाहीत, म्हणून आज सांगून टाकते.

आधी एवढं कळू द्या की मी वकील आहे. ब्रिस्बेनमध्ये राज्य सरकारचं एक ऑफिस आहे. वंश, धर्म, वय, अपंगत्व असल्या कारणांवरून कुणाला वेगळी वागणूक मिळाली की लोक तिथे तक्रार करतात. तिथली सगळ्यात खालच्या पायरीवरची वकील ती मी. कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं, जूनअखेर संपणारं. परमनंट जागा एकच आणि आम्ही ज्युनिअर दोघं, मी आणि टोनी. टोनी म्हणजे ब्रिस्बेनच्याच इनाला भागातला व्हिएतनामी पोरगा, माझ्याच दिवशी जॉइन झालेला आणि ऑफिसातला माझा सगळ्यात जवळचा मित्र. आता कळलं ना, वर्षभर माझा जीव थाऱ्यावर का नव्हता ते?

तक्रारदारांची ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदललेत. आमच्या ऑफिसवाल्यांची फजिती मात्र जशीच्या तशी आहे.

*

पहिला दिवस. नवा कोरा काळा ब्लेझर, डोक्यात कोर्ट, अन्याय, मी उभी, समोरचा गार! रात्री आरशासमोर दोनदा उभी राहून बघितलं होतं.

आमची बॉस डेब. साठीला टेकलेली, पांढरे आखूड केस, बाराही महिने पायात सॅन्डल. तिने माझ्या हातात फोनचा हेडसेट दिला आणि म्हणाली, "एन्क्वायरी लाइन घे, लव्ह. सगळे इथूनच सुरू करतात."

पहिलाच कॉल कुठल्याशा लांबच्या गावातून. म्हातारा भडकलेला. "सगळं गाव माझ्याशी भेदभाव करतं! क्लबात बार्बेक्यू असतो, सगळ्यांना बोलावतात, मला एकट्याला नाही!"

मी सरसावून बसले. आली पहिली केस! कायद्यात भेदभावाची कारणं ठरलेली आहेत, त्यांची यादी समोर चिकटवलेली होतीच. "सर, तुमच्या वंशामुळे असं होतं का?"

"नाही."

"धर्म? वय? एखादा आजार?"

"छे. सगळे माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच."

यादी शेवटपर्यंत गेले. काहीच बसेना. मला ही केस हातची जाऊ देववेना! शेवटी विचारलं, "मग सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? का नसतील बोलावत?"

पलीकडे खुर्ची करकरली. मग हळूच म्हणाला, "आय सपोज, आयॅम अ बिट ऑफ अ बास्टर्ड."

मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. "सर, ते यादीत नाहीये."

"म्हणजे त्यासाठी मला वगळलं तर चालतं?"

"कायद्यानं चालतं."

"फेअर इनफ, मेट!" म्हणाला आणि ठेवला फोन. आवाजावरून अगदी समाधानी वाटला.

डेब मागे उभी राहून ऐकत होती. "झाली तुझी पहिली केस निकालात," ती म्हणाली, "जा, चहा पी."

*

आता आमच्या घरची बाजू. आम्ही वसईचे, राहतो ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला. ममी तिथून जवळच एका वृद्धाश्रमात केअरर आहे. मी सरकारात वकील म्हणून लागले तेव्हा तिने चर्चमध्ये ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना सांगितलं होतं. महिन्याभराने एकदा जेवताना विचारते, "नीलू, पण तू नेमकी कुणाच्या बाजूची वकील?"

"कुणाच्याच नाही ममी. दोघांचं ऐकायचं, मध्ये बसायचं, आपसात मिटतंय का बघायचं."

"म्हणजे भांडण दुसऱ्यांचं, बाजू घ्यायची नाही आणि निकालही द्यायचा नाही?"

"हो."

"अगं, मग हे मी तुझ्या मावशांमध्ये तीस वर्षं फुकट करतेय!"

हसून हसून माझ्या नाकात पाणी गेलं. पण खरं सांगू? लागलंही. मी भांडायला म्हणून लॉ केलं होतं आणि इथे दिवसभर तोंड बंद ठेवून बसायचं! समोर एखादी बाई रडत सांगत असते आणि आत माझा तिळपापड होत असतो, तरी चेहरा पाटीसारखा कोरा हवा. रोज संध्याकाळी घरी आल्यावर मी घराजवळच्या तळ्याला फेऱ्या मारायचे. ममी म्हणायची, "बस की जरा एका जागी!" बसवतच नव्हतं.

त्यात आमच्या गल्लीतल्या मंजिरीताई. पुण्याच्या, नवरा आयटीत. एका शनिवारी मुलीला हाताला धरून थेट आमच्या किचनमध्ये. "नीलम, तू त्या भेदभावाच्या ऑफिसात आहेस ना? ईशाला शाळेच्या नेटबॉल टीममध्ये घेतलं नाही. टीममध्ये एकही इंडियन नाही! सरळसरळ रेसिझम आहे. तू एक लेटर टाक."

मी म्हटलं, "ताई, मला तसं लेटर टाकता येत नाही. मी कुणाची बाजू..."

"आपल्या माणसांसाठी एवढंही करणार नाहीस? मग काय उपयोग?"

ममीही माझ्याकडेच बघायला लागली. चहाचा कप हातात घेऊन मी कायदा समजावून सांगतेय, घाम फुटलाय, आणि ईशा बिस्किट खात फोनमध्ये. शेवटी मी तिलाच विचारलं, "ईशा, ट्रायल्सच्या दिवशी नक्की काय झालं?"

तिने मान वर न करता सांगितलं, "आय डोन्ट नो. आय डिडन्ट गो."

मंजिरीताईंनी चहा अर्धा सोडला.

*

आमच्या कामातली मुख्य गोष्ट म्हणजे समेटाची बैठक. तक्रार करणारा एका खोलीत, ज्याच्यावर तक्रार आहे तो दुसऱ्या खोलीत, आणि आमचा माणूस मधल्या पॅसेजमधून इकडून तिकडे निरोप घेऊन. डेबची सक्त ताकीद, कुणाचं खरं, कुणाचं खोटं, हे तोंडातून निघता कामा नये.

माझ्या पहिल्या बैठकीत तोंडातून काहीच निघालं नाही. देवाशपथ!

तक्रार एका वयस्क बाईंची. दुकानात कामाला, वय वाढलं तशा शिफ्ट कमी केल्या म्हणून. त्या बोलत होत्या आणि मी आपली ऐकत होते, आपण ऐकतो तशी. म्हणजे "हं... हं... अच्छा..." आणि मान डोलावत. आपल्याकडे समोरचा बोलत असताना हुंकार दिला नाही तर तो मध्येच थांबून विचारतो, "ऐकतेयस ना?" मग पलीकडच्या खोलीत गेले. दुकानाचा मालक बोलला. तिथेही "हं... हं...", तिथेही मान.

जेवणानंतर दोघंही अडून बसले. तसूभर हलेनात! डेबने बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "मी कशाला माघार घेऊ? त्या तरुण ऑफिसरना माझं सगळं पटलंय." मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "तुमची ऑफिसर तर पूर्णपणे माझ्या मताची आहे!"

बैठक मोडली. मी टॉयलेटमध्ये जाऊन बसले. बाहेर आले तर डेब दारातच. "नील्स," ती म्हणाली, "तुझ्या जिभेनं नियम पाळला गं, पण तुझी मान दोन्हीकडून साक्ष देऊन आली."

सुदैवाने पुढच्या आठवड्यात डेबने दोघांना परत बोलावलं आणि मिटवलं. मला मात्र शिक्षा झाली. रोज लंचमध्ये टोनीने समोर बसून मला रडगाणी सांगायची आणि मी अजिबात हलायचं नाही. टोनी कसला आगाऊ! मुद्दाम आजी वारली, कुत्रा वारला, पुन्हा आजी वारली असं काहीही सांगायचा. मी ओठ चावून बसायचे.

मग आली दुसरी बैठक. मी पुतळा! मान नाही, हं नाही, पापणीसुद्धा मोजून मापून. समोरचे आजोबा चार वाक्यं बोलले, थांबले, माझ्याकडे निरखून बघितलं आणि डेबकडे वळून काळजीने म्हणाले, "ही पोरगी बरी आहे ना? ॲम्ब्युलन्स बोलावू का?"

*

आणि लोकांना वाटतं, असल्या ऑफिसात तरी सगळं आदर्श असेल!

मार्चमध्ये आमच्याकडे मॉर्निंग टी होतो, सगळ्यांनी आपापल्या संस्कृतीचा एकेक पदार्थ आणायचा. सगळे माझ्याकडे बघून म्हणाले, "नील्स, करी! करी!" मी म्हटलं, थांबा, दाखवतेच. ममीला सोबत घेऊन आमच्या घरचं डुकराचं विंदालू केलं. व्हिनेगरमध्ये मुरवलेलं, दोन दिवस घरभर घमघमाट. डबा पॅन्ट्रीत ठेवला आणि फोनवर बसायला गेले.

अकरा वाजता जाऊन बघते तर माझं विंदालू टेबलाच्या पार कोपऱ्यात, बाकीच्या पदार्थांपासून हातभर लांब. पुढे छान रंगीत कार्ड उभं केलेलं, "पोर्क. आमच्या भारतीय सहकाऱ्यांच्या भावनांचा आदर राखून वेगळं ठेवलं आहे."

अख्ख्या मजल्यावर भारतीय मी एकटी!

एचआरची मुलगी धावतच आली. बिचारीचा हेतू चांगला होता. "नीलम, आयॅम सो सॉरी, कुणी आणलं कळत नाहीये, पण तू काळजी करू नकोस, मी त्यांच्याशी बोलते."

मी काही बोलणार तेवढ्यात टोनी मध्ये आला. तोंड भरलेलं, प्लेट भरलेली. म्हणाला, "नक्की बोल तिच्याशी. आणि रेसिपी पण विचार."

*

एप्रिलमध्ये ती परमनंट जागा जाहीर झाली.

टोनी आणि मी एकाच ट्रेनने यायचो. मी स्प्रिंगफील्डला चढायचे, तो पुढे इनालाजवळच्या रिचलंड्सला, आणि सिटी येईपर्यंत आमची टकळी चालू असायची. त्या दिवशी तो चढला, बसला आणि म्हणाला, "टाकलास अर्ज?"

"हो. तू?"

"हो."

"गुड."

"गुड."

बस्स. पुढची सगळी स्टेशनं आम्ही खिडकीतून बाहेर बघत काढली. पुढचे दोन आठवडेही तसेच गेले. दोघांच्या हातात फोन, स्क्रीन एकमेकांपासून वळवलेला. एकदा गाडीने गचका दिला आणि माझा फोन त्याच्या पायाशी पडला. त्याने उचलून दिला, बघितलं, आणि गुपचूप स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. दोघंही एकच पान वाचत होतो, "इंटरव्ह्यूमध्ये शांत कसं राहावं." पंधरा दिवसांनी पहिल्यांदा हसलो.

मला ती जागा हवी होती हो. कुरकुर करत होते, भांडता येत नाही म्हणून चरफडत होते, पण हवी होती. त्या पॅसेजमधून इकडून तिकडे जाता जाता कधीतरी दोन्ही खोल्यांतली माणसं एकदम मऊ पडतात, ते बघायची चटक लागली होती मला. आणि टोनीलाही लागली होती, हे मला माहीत होतं. तिथेच सगळा घोळ!

इंटरव्ह्यू डेबच घेणार होती. आता आमच्याकडे निवड एकदम काटेकोर, सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, बाहेरचा असो की घरचा. त्या दिवशी सकाळी डेबने माझ्याकडून फोनचा चार्जर मागून नेला होता. दुपारी मी पॅनेलसमोर गेले तर ही उठून हात पुढे करते, "नमस्कार, मी डेबोरा. इथे पोचायला काही त्रास नाही ना झाला?"

मला वाटलं गंमत करतेय. चेहरा बघितला, गंमत नव्हती. प्रश्न कागदावर छापलेला होता!

"नाही," मी म्हटलं, "सातव्या मजल्यावरून आठव्यावर आले. लिफ्ट लगेच मिळाली."

शेजारी दुसऱ्या खात्यातून आलेले एक गंभीर गृहस्थ होते, त्यांनी ते लिहून घेतलं. मग तासभर प्रश्न. मी पाय हलू नयेत म्हणून खुर्चीच्या दांड्यात अडकवून ठेवले होते. शेवटी डेबने वाचलं, "पॅनेलला विचारण्यासारखा तुमचा काही प्रश्न आहे?"

टेन्शनमध्ये माणूस काय बोलेल नेम नाही. मी म्हटलं, "डेब, माझा चार्जर कधी देतेस?"

डेब ढिम्म. कागदावरून नजरही हलवली नाही. त्या गृहस्थांनी मात्र चष्मा सारखा केला आणि तेही लिहून घेतलं!

*

आणि मग निकालाचा दिवस.

सकाळी ईमेल आली. एकाच वेळी दोघांना. समोरासमोरच्या डेस्कवर आम्ही. मी माझी वाचली. खूप चांगले उमेदवार होते, निवड अवघड होती, वगैरे. म्हणजे नाही. वर बघितलं तर टोनी माझ्याकडेच बघत होता. असा चेहरा केला होता की जसं काही त्यालाच नकार आलाय.

"नील्स..." तो म्हणाला.

"काँग्रॅट्स, मेट!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. मिठी मारली, पाठ थोपटली, हसले. आणि ते हसू मग बंदच होईना. कीबोर्ड पुसला, किटली भरली, दुसऱ्यांचे कप धुतले, हसतच. ममीला मेसेज टाकला, "नाही मिळाली. टोनीला मिळाली." आणि मोबाइल ड्रॉवरमध्ये बंद करून टाकला. तिचा आवाज ऐकला असता तर माझं काही खरं नव्हतं. मग स्वतःहून एन्क्वायरी लाइन मागून घेतली. हेडसेट डोक्यावर असला की माणसाला रडता येत नाही.

बाराच्या सुमाराला लाइन वाजली. मी नेहमीचं बोलले, "गुड आफ्टरनून, मी तुमची काय मदत करू?"

"आय वॉन्ट टू मेक वन कम्प्लेंट," पलीकडून खणखणीत आवाज आला, "अगेन्स्ट युअर ओन ऑफिस!"

मी खुर्चीत ताठ. "ममी?"

मग मराठीत, "तू कशाला उचललास? मोबाइल उचलत नाहीस आणि हा बरा उचलतेस!"

"ममी, मी ड्युटीवर आहे. काय करतेयस तू?"

"तक्रार. पण तुझ्याकडे नाही करणार. तू माझी पोरगी, तुला चालत नाही. दुसऱ्या कुणाला दे."

नियमाने तिचंच बरोबर होतं! मी इकडे तिकडे बघितलं. डेब इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर होती, म्हणजे तिलाही चालत नाही. बाकीचे सगळे मीटिंगला गेलेले. उरला एकच.

"टोनी," मी म्हटलं, "हा कॉल मला घेता येत नाही. घरचं माणूस आहे."

टोनीने हेडसेट घातला. पण ममी फोनवर बोलते ती थेट वसईला ऐकू जावं अशी. मला समोरच्या खुर्चीवर शब्द न् शब्द कळत होता.

"माझी मुलगी इतकं काम करते," ममी तिच्या इंग्रजीत सांगत होती, "आणि नोकरी दिली कुणाला? कुणा टोनीला!"

टोनीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"मॅडम," त्याने ऑफिसचा आवाज काढला, "कुठल्या कारणावरून भेदभाव झाला असं तुम्हाला वाटतं? वंश? धर्म? वय?"

"ते तुम्ही शोधा! मला आधी सांगा, हा टोनी माणूस कसा आहे?"

टोनी खाकरला. कान लालबुंद झाले होते. "मॅडम, पुढे जाण्याआधी मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मीच टोनी."

"नीलूबरोबर ट्रेनने येतोस तो?" तिने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता, मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"येस, मॅडम."

"ती सांगते तू हुशार आहेस."

टोनीने पेन उचललं. मग त्याने आम्ही प्रत्येक तक्रारदाराला शेवटी विचारतो तेच विचारलं. "मॅडम, तुमच्या मते हे कशानं मिटेल? तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"

"नीलू तिथेच आहे? काय करतेय?"

टोनीने माझ्याकडे बघितलं. मी हसतच होते.

"हसतेय," तो म्हणाला, "सकाळपासून."

"मग तिला हाफ-डे द्या," ममी म्हणाली. "मी तुमच्या ऑफिसखाली, सामान उतरवायच्या लोडिंग झोनमध्ये गाडी लावून बसलेय. तुझ्यासमोर ती रडणार नाही."